आक्कांची वेणी आणि टँकरचं पाणी

एप्रिलचा दुसरा आठवडा उजाडला, की आमच्या कर्वेनगरच्या सोसायटीत सकाळी साडेसहाला टँकर येतो. कोकीळ वगैरे त्याआधीच ओरडून गेलेला असतो. पण उन्हाळा आल्याची वर्दी देण्याचा मान आमच्याकडे टँकरचा. तो रिव्हर्समध्ये एक रडकी धून वाजवत गेटातून आत येतो, वॉचमन कंपाउंडची भिंत वाचवण्यासाठी हातवारे करतो, आणि मग जाड पाइपातून खालच्या टाकीत पाणी कोसळायला लागतं. तो आवाज ऐकून बाकीच्या बिऱ्हाडांना हायसं वाटतं. मला मात्र गेल्या उन्हाळ्यापासून, हातातलं काम टाकून, हात पुसावेसे वाटतात.

हे पाणी कुठल्या बोअरचं, ते टँकरवाल्यालाही ठाऊक नसावं. दिसायला स्वच्छ असतं, अंगाला लागलं की कळतं. साबणाला फेस येत नाही. नळाच्या तोंडाशी पांढरी खरपुडी धरते. तूरडाळ चार शिट्ट्यांनंतरही दाणा दाणा अलग बसून राहते, लग्नात रुसलेल्या पाहुण्यांसारखी. आणि केस धुऊन बाहेर यावं, तर ते ओले असतानाच कोरडे वाटतात. माझ्या केसांबद्दल बोलण्यासारखं फार उरलेलं नाही. पंधरा वर्षांचा डाय, भाच्याच्या लग्नात ‘एकदाच’ म्हणून पार्लरमध्ये सरळ करून घेतलेले केस, आणि पन्नाशी ओलांडल्यापासून भांगाचं चाललेलं रस्तारुंदीकरण. टँकरच्या पाण्याने त्यात नव्याने काय बिघडणार? पण गेल्या उन्हाळ्यात आमच्या घरात आणखी एक डोकं होतं, आणि ते माझ्या हवाली होतं.

आक्का म्हणजे माझी थोरली नणंद. वय सहासष्ट. मुलींच्या शाळेत गणित शिकवून निवृत्त झाल्या. लग्न केलं नाही; का नाही, हे विचारण्याची छाती आमच्या घरात कुणाचीच नाही. नारायण पेठेत दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्यांत एकट्या राहतात. बोलणं मोजकं. माझ्या लग्नानंतर माझ्या हातची पहिली पुरणपोळी खाऊन त्या म्हणाल्या होत्या, “वेलदोडा चांगला आहे.” पुढची सव्वीस वर्षं मी त्या वाक्यावर काढली.

आणि त्यांची वेणी. कमरेच्या खाली चार बोटं. जवळजवळ सगळी पांढरी, मधूनच एखादी राखी बट, पण शेपटा असा की मुठीत मावू नये. आक्का फळ्याकडे वळल्या की मुली म्हणे गणित सोडून वेणीकडेच बघत बसायच्या. त्यांची आई कायम अंथरुणावर. त्यामुळे नवव्या वर्षापासून आक्का स्वतःची वेणी स्वतः घालत आल्या, आणि धाकट्या भावाचा, म्हणजे आमच्या ह्यांचा, भांगही पाडत आल्या. पुढे त्या डोक्यावर भांग पाडण्याजोगं काही राहिलं नाही, तो भाग वेगळा. पण आक्कांच्या केसांना त्यांच्याखेरीज दुसऱ्याचा हात कधी लागला नव्हता.

गेल्या वर्षी मार्चअखेर माळ्यावरची बॅग काढताना त्या स्टुलावरून पडल्या आणि उजवं मनगट मोडलं. सहा आठवड्यांचं प्लास्टर. हे जाऊन त्यांना आमच्याकडे घेऊन आले. त्यांनी विरोध केला नाही, यावरून मला दुखण्याची कल्पना आली.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी त्या डायनिंग टेबलापाशी केस सोडून बसल्या होत्या. डाव्या हाताने पेड धरायचा प्रयत्न चालला होता, फणी दातात. पेड सुटत होते, त्या पुन्हा धरत होत्या. मी समोर मेथी निवडत होते. म्हणजे निवडून कधीच झाली होती. उठले असते तर ‘मी पाहिलं’ असं झालं असतं, म्हणून निवडलेलीच पुन्हा निवडत होते.

“किती वेळ निवडत्येस ती मेथी?” फणी तोंडातून काढून आक्का म्हणाल्या.

“झालीच.”

“झाली की जरा केसांचं बघशील? वेळ असेल तर.”

सव्वीस वर्षांत त्यांनी माझ्याकडे मागितलेली ही पहिली गोष्ट. मला त्या क्षणी एवढा वेळ होता, की मी अख्ख्या नारायण पेठेच्या वेण्या घातल्या असत्या.

पहिल्यांदा न्हाऊ घातलं, त्याचं चित्र अजून डोळ्यांपुढे आहे. बाथरूममध्ये प्लास्टिकच्या स्टुलावर आक्का, भिंतीकडे तोंड करून. प्लास्टरचा हात पिशवीत बांधून दाराबाहेर काढलेला, बसला हात दाखवावा तसा. मी मागे तांब्या घेऊन. ओल्या केसांचं वजन मला माहीत नव्हतं. ते दोन्ही हातांनी उचलावे लागतात, झोपलेलं मूल उचलावं तसे. आक्कांनी येताना शिकेकाईचा डबा आणला होता. पण शिकेकाईने आपली मोरी तुंबते, असं ह्यांनी एकदा म्हटल्याचं मला आठवलं आणि मी मुक्ताचा शाम्पू वापरला. मुक्ता आमची मुलगी. केस पुसताना आक्का म्हणाल्या, “पाणी जड आहे तुमच्याकडचं.”

झालं. माझ्या कानांना सव्वीस वर्षांचं वळण. मला ऐकू आलं ते असं: तुमच्याकडे राहायचं म्हणजे हे असलं पाणी. आमच्या पेठेत नळाला धरणाचं पाणी येतं, तुम्ही पडलात कर्वेनगरचे. मी मनात त्याला दोन उत्तरंही तयार केली आणि ती न देण्याचा मोठेपणाही स्वतःला बहाल केला. गणिताच्या बाईंनी दिलेली ती साधी माहिती होती, हे मला आत्ता कळतंय. पाणी जड होतं. त्यात उपाय दडलेला होता. पण टोमणा ओळखण्यात आम्ही इतके तरबेज, की त्यातली माहिती तशीच सांडून जाते.

मग मी हट्टाला पेटले. या बाईच्या केसांना आपल्या घरात काही होता कामा नये. झालाच तर फरक चांगला व्हावा. मुक्ताचे केस कुरळे, आणि त्यांची देखभाल हा तिच्या शिक्षणाला समांतर चालणारा दुसरा अभ्यासक्रम. बाथरूममधल्या मांडणीवर तिच्या अकरा बाटल्या, माझी एक. मी तिला विचारलं, तर तिने पलंगावर मांडी घालून मला शिकवलं.

“आई, केसांना मेनली दोनच गोष्टी लागतात. प्रोटीन आणि मॉइश्चर. दोन्हींचा बॅलन्स हवा. एक ओला केस घ्यायचा, दोन्ही टोकं धरून हळू ताणायचा. थोडा ताणून जागेवर आला तर मस्त. नुसता ताणतच गेला, च्युइंगगमसारखा, तर प्रोटीन कमी. आणि न ताणता टचकन तुटला तर मॉइश्चर कमी. तेव्हा प्रोटीन अजिबात द्यायचं नाही, सगळी वाट लागते. तू आधी आत्याचा केस ताणून बघ.”

एवढं सांगून ती दोन दिवसांनी इंटर्नशिपसाठी बंगळुरूला निघून गेली.

आता थोरल्या नणंदेला ‘आक्का, तुमचा एक केस द्या, तोडून बघते’ असं कसं म्हणायचं, तुम्हीच सांगा. विंचरताना गळलेला घ्यावा, तर तेही जमेना. आक्का आपला गुंतवळ आपण उचलायच्या. डाव्या हाताच्या बोटाभोवती गुंडाळून त्याची गोळी करायच्या, कागदाच्या पुडीत घालून पर्समध्ये ठेवायच्या. दुसऱ्याच्या घरात आपले केस पडू देऊ नयेत, ही त्यांची पद्धत. ‘दुसऱ्याच्या घरात’ हे शब्द मला लागले होते, तेही मी बोलले नव्हते.

तेव्हा मी मार्ग काढला. बेसिनपाशी उभं राहून स्वतःचा एक ओला केस उपटला आणि ताणला. तो ताणत गेला, ताणत गेला, आणि जागेवर काही आला नाही. प्रोटीन कमी. निदान झालं. घर एक, पाणी एक, हवा एक. मग केस कसे वेगळे असतील? स्वतःच्या काखेत थर्मामीटर लावून शेजारच्याला गोळी देणारा डॉक्टर तुम्ही पाहिला नसेल. तो मी.

प्रोटीनला तसंही आमच्या घरात सध्या कुलदैवताचा दर्जा आहे. ह्यांना डॉक्टरांनी सांगितलंय, मुक्ताला जिमवाल्याने, मला शेजारणीने. कुणालाही काहीही झालं, की आम्ही प्रोटीन कमी पडतंय म्हणतो. मी मुगाचं पीठ, दही, मेथी यांच्यापासून सुरुवात केली. मग भाताची पेज. मग अंडं. आमच्याकडे अंडं येतं, पण स्वयंपाकघरात येत नाही. त्याचं पातेलं बाल्कनीत वेगळं. आक्कांना मी आधीच सांगून टाकलं. त्या म्हणाल्या, “खायचं तर नाहीये ना मला? मग चालू दे.”

एकदा पाणी जरा जास्त गरम झालं आणि अंडं आक्कांच्या डोक्यावरच शिजलं. अर्धा तास मी केसांतून पांढरे कण वेचत होते. आक्का भिंतीकडे बघत म्हणाल्या, “मीठ-मिरची घातली असतीस तर श्रीच्या नाश्त्याचं भागलं असतं.” श्री म्हणजे त्यांचा भाऊ. मी हसले, आणि पाठमोऱ्या आक्कांचेही खांदे हलले. त्यांना हसताना मी तोंडाकडून फारसं पाहिलेलं नाही, पण पाठीकडून पाहिलं आहे.

माझ्याकडे पाठ असली की त्या बोलायच्या. समोरासमोर बसून जे त्यांना कधी जमलं नाही, ते भिंतीला सांगितल्यासारखं सांगायच्या. शाळेतलं, पेठेतलं. एकदा आईचं. “मी आरशापुढे उभी राहिले, की आई पलंगावरून बघायची. म्हणायची, भांग वाकडा झालाय गं. सरळ करायला हात काही पोचायचा नाही तिचा.” आणि मग, “वाकडा असायचाच.” मी तांब्या भरत होते. तो भरून वाहायला लागला तरी मला कळलं नाही. त्या दुपारी मी आक्कांचा भांग तीनदा विस्कटून पुन्हा पाडला, आणि त्यांनी तो पाडू दिला.

मला वाटत होतं, जमलं. सव्वीस वर्षांनी का होईना, आपल्याला जागा मिळाली. खोटं कशाला बोलू, त्यांचं मनगट सावकाश भरून यावं असंही एकदोनदा मनात येऊन गेलं.

केस मात्र दिवसेंदिवस राठ होत चालले होते. हाताला केरसुणीसारखे लागायचे. फणी फिरवली की कुरकुरल्यासारखा आवाज यायचा. मी काय करावं? प्रोटीन वाढवलं. आठवड्यातून दोनदा, वर बाजारातला एक महागडा मास्क. औषध लागू पडत नसेल तर ते चुकीचं असेल, ही शंका आमच्याकडे कुणाला येत नाही. मात्रा कमी पडतेय, एवढंच येतं. ह्यांना मी वीस वर्षं असंच सुधारते आहे.

मेच्या सुरुवातीला टॉवेलवर तुकडे दिसायला लागले. गळलेले केस नव्हेत. गळलेला केस लांब असतो, त्याला मुळाशी पांढरा ठिपका असतो. हे बोट-दोन बोटं लांबीचे, दोन्हीकडून तुटलेले तुकडे. आक्कांच्या खांद्यावर, पाठीवर, उशीवर. मी टॉवेल त्यांच्यासमोर झटकत नसे. बाल्कनीत जाऊन झटकायची. खांद्यावरचे तुकडे पदर सारखा केल्यासारखं करून टिपायची. लांब केसांचा गुंतवळ आक्का पुडीत बांधत होत्या, आणि आखूड तुकडे मी त्यांच्यापासून लपवत होते. एकाच डोक्याचे केस दोघींनी दोन ठिकाणी दडवायचे, असा तो संसार.

एके संध्याकाळी वेणी घालून झाल्यावर त्यांनी विचारलं, “तुटतायत का गं केस?”

“नाही हो आक्का. उन्हाळ्यात थोडे गळतातच.”

“हं,” त्या म्हणाल्या.

त्यानंतर रोज वेणी झाली, की त्या ती पुढे घेऊन डाव्या मुठीत धरायच्या आणि सोडायच्या. मला वाटायचं, सवय असेल. गणिताची बाई मोजत असेल, हे माझ्या मनातही आलं नाही. आधी त्यांचा अंगठा आणि बोट वेणीभोवती पोचत नसत. पुढे पुढे एकमेकांवर चढायला लागले.

मुक्ता मेच्या तिसऱ्या आठवड्यात परतली. प्लास्टर काढून दोनच दिवस झाले होते. मी आक्कांचे केस पुसत होते. ती दारातूनच थबकली, बॅग तशीच खांद्यावर.

“आत्या, तुझा एक केस घेऊ?”

“घे की.”

एवढं सोपं होतं. दोन शब्द. तिने एक ओला केस घेतला, टोकं धरली, आणि ताणायच्या आतच तो तुटला. आवाज होत नाही त्याचा, पण मला ऐकू आला.

“आई, काय लावलंस तू?”

“प्रोटीन.”

“कशाला पण? ताणून नव्हता बघितलास?”

“बघितला होता.”

“कुणाचा?”

मी टॉवेलाची घडी घालायला लागले. आरशात आक्का माझ्याकडे बघत होत्या. “स्वतःचा बघितला असेल,” त्या मुक्ताला म्हणाल्या, आवाज न चढवता. “मला कसं विचारायचं, म्हणून.” मुक्ता काहीतरी बोलणार होती, एवढ्यात त्यांनी मला उद्देशून म्हटलं, “त्याचं काही नाही. पण मी तुला विचारलं होतं.”

चूक झाली, ती अज्ञानाने झाली. तिच्याबद्दल मी स्वतःची टिंगल करू शकते, आत्ता करतेच आहे. पण त्या संध्याकाळच्या ‘नाही हो’ची टिंगल करता येत नाही. मुक्ता घाईघाईने सांगत होती, आता नुसतं कंडिशनर, तेल, फिल्टरचं पाणी, सहा महिन्यांत सुधारतील. आक्का मान डोलवत होत्या, वर्गातल्या हुशार मुलीचं उत्तर ऐकून घ्यावं तशा.

दुसऱ्या दिवशी त्या ‘जरा जाऊन येते’ म्हणून एकट्याच बाहेर पडल्या. दुपारी परतल्या तेव्हा केस मानेपर्यंत कापलेले होते. मान इतकी बारीक होती, ते आजवर कुणी पाहिलं नव्हतं. हे बघतच राहिले. मग म्हणाले, “वेणी कुठाय?”

“दिली तिथंच टाकून.” आणि टेबलावरची फणी उचलून त्यांनी डाव्या हाताने दोनदा केसांतून फिरवली. “हे बघ. डाव्या हातानंही जमतं आता.”

हे बाल्कनीत जाऊन बराच वेळ उभे राहिले. लहानपणी तीच वेणी धरून ते शाळेचा रस्ता ओलांडायचे, हे मला त्या रात्री जेवताना कळलं. आक्का दुसऱ्या दिवशी घरी गेल्या.

माणसाला दुसऱ्याच्या उपयोगी पडायचं असतं म्हणजे नेमकं काय असतं, याचा मी वर्षभर, भाजी चिरताना वगैरे, विचार करत आले. ज्याचा आपल्यात तुटवडा, तेच आपण दुसऱ्याला भरभरून देत सुटतो, असं मला वाटायला लागलंय. मला कौतुक कमी पडलं म्हणून मी मुक्ताच्या प्रत्येक चित्राला छान म्हणत आले. ती आता माझं मत विचारत नाही. ह्यांना शिस्त जाचली म्हणून त्यांनी तिला मोकळं सोडलं, आणि ती कधीकधी म्हणते, बाबांनी एकदा तरी ओरडायला हवं होतं. ताणून बघताना आपण स्वतःचाच केस ताणून बघतो. समोरच्याला एका शब्दाने विचारावं, तर तेवढं मात्र अवघडल्यासारखं वाटतं.

गेल्या आठवड्यात टँकर सुरू झाले. त्याच दिवशी ह्यांनी सहज आक्कांना फोन लावला, तर त्या म्हणाल्या, उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, चार दिवस झाले, ठीक आहे. एक बाई लावली होती, तिचं काम आज संपलं. ह्यांचा आवाज चढला. “अगं, कळवायचं नाही का? हिने येऊन केलं असतं ना सगळं.”

फोन स्पीकरवर होता. “करण्यासारखं काय होतं?” आक्का म्हणाल्या. “दहा दिवस डोक्यावरून पाणी घ्यायचं नाही, एवढंच. आता त्यात मला काही अडचण नाही.”

ह्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. त्याबद्दल मी त्यांची ऋणी आहे.

परवा दुपारी मी डबा घेऊन नारायण पेठेत गेले. आक्का काळा चष्मा लावून खुर्चीत बसल्या होत्या. केस तसेच आखूड, एका बाजूला चपटे झालेले, पण मऊ दिसत होते. हात लावला नाही, म्हणून नुसतं दिसत होते म्हणते. आम्ही ह्यांच्या शुगरबद्दल बोललो, मुक्ताच्या नोकरीबद्दल बोललो. चार वाजता त्यांच्या मोबाइलचा गजर वाजला. त्यांनी उठून हात धुतले, चष्मा काढला, औषधाची बाटली घेतली आणि मान मागे टाकली. मी अर्धी उठले होते.

“बस,” त्या म्हणाल्या.

मी बसले. मनगट अजून पुरतं वळत नाही, ते तेव्हा दिसलं. बाटली जरा हलली, थेंब पापणीच्या कडेला पडला आणि गालावरून कानाकडे ओघळला.

“पडला का गं आत?”

“हो” जिभेवर आलंच होतं. एवढ्या एका शब्दाने त्यांचे कष्ट वाचले असते आणि माझंही अवघडलेपण.

“नाही, आक्का. गालावर गेला.”

त्यांनी दुसरा टाकला. “हा?”

“हाही बाहेरच. बाटली अजून नाकाकडे घ्या. जरा खाली. हं, आता.”

तिसरा आत पडला. मी तसं सांगितलं. त्या डोळा मिटून तशाच मान टाकून बसल्या, सांगितल्याप्रमाणे पाच मिनिटं. मी घड्याळ बघत होते. झाकण त्यांनी चाचपून स्वतःच लावलं.

“रात्री आठचा आहे ना?” मी विचारलं. “थांबू का?”

“नको. घालीन मी.” मग डोळा न उघडताच म्हणाल्या, “सांगितलंस ते बरं केलंस. अंदाज आला.”

मी डबा विसळून पिशवीत घातला, आणि दार आतून लागल्याचा आवाज येईपर्यंत जिन्यात उभी राहिले.